एकही अपघात नाही, तरी कारचा इन्शुरन्स दुप्पट का? टेक्सासमध्ये नवीन आलेल्यांसाठी क्रेडिट हिस्टरीचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून डॅलसजवळ आयर्व्हिंगला येऊन आठ महिने झाले, आल्या आल्या लोनवर कोरोला घेतली, भारतात बारा वर्षं गाडी चालवली, इथे ट्रॅफिकच्या दंडाचं एक तिकीट नाही की एक अपघात नाही, तरी सहा महिन्यांचा प्रीमियम 1,480 डॉलर. आणि त्याच टीममधला, जवळपास तशीच गाडी असलेला कलीग 790 भरतो. कंपनीला फोन करून विचारलं तर "इन्शुरन्स स्कोअरमुळे" एवढंच उत्तर मिळालं. क्रेडिट कार्डाच्या बिलाचा आणि गाडी चालवण्याचा संबंध काय, आणि आता करायचं काय? शिवाय मिसेस एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आहेत आणि पुढच्या महिन्यात लायसन्स काढणार आहेत.

मी इथे बरीच वर्षं पॉलिसी विकतेय, एका कंपनीची एजंट नाही तर स्वतंत्र, म्हणजे एकाच माणसाचे पाच कंपन्यांचे कोट, म्हणजे त्यांनी सांगितलेले दर, समोर ठेवून बघायची रोजची सवय आहे, आणि भारतातून नुकतीच आलेली माणसं माझ्याकडे सतत येतात. त्यामुळे लांबलचक लिहितेय, पण सगळं वाचा, कारण तुमच्या केसमध्ये पैसे परत खाली आणायची वेळ नेमकी आत्ता आलीये.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका की तुमचं क्रेडिट "खराब" आहे. ते खराब नाही, ते रिकामं आहे, किंवा पॉलिसी घेतली त्या दिवशी रिकामं होतं. आमच्या धंद्यात याला नो हिट म्हणतात, कंपनीने तुमचं नाव टाकून चौकशी केली आणि पलीकडून काहीच आलं नाही. आणि एखादंच दोन महिन्यांचं कार्ड असेल तर थिन फाईल. खराब फाईल आणि रिकामी फाईल यांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि रिकामीचा उपाय खूप सोपा आणि लवकर होणारा आहे.

आता हा स्कोअर म्हणजे काय ते. बँक बघते तो क्रेडिट स्कोअर आणि इन्शुरन्स कंपनी बघते तो इन्शुरन्स स्कोअर, हे दोन वेगळे आकडे आहेत, जरी दोन्ही एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन ब्युरोंच्या त्याच कच्च्या माहितीतून निघतात. बँकेला कळायचं असतं की हा माणूस कर्ज फेडेल का, इन्शुरन्स कंपनीला कळायचं असतं की या माणसाकडून क्लेम येईल का आणि प्रीमियमच्या मानाने केवढ्याचा येईल. त्यामुळे वजनं थोडी वेगळी धरलेली असतात. स्कोअर बनवणाऱ्या फायको कंपनीच्या इन्शुरन्स स्कोअरमध्ये ढोबळमानाने 40 टक्के वजन वेळेवर पैसे भरण्याच्या इतिहासाला, 30 टक्के सध्या किती देणं बाकी आहे त्याला, 15 टक्के फाईल किती जुनी त्याला, 10 टक्के नवीन क्रेडिट किती मागितलं त्याला आणि 5 टक्के कुठल्या कुठल्या प्रकारचं क्रेडिट आहे त्याला. लेक्सिसनेक्सिस या डेटा कंपनीचा ॲट्रॅक्ट नावाचा स्कोअर पण खूप कंपन्या वापरतात, त्याची पट्टी 200 ते 997 अशी आहे, म्हणून तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये दिसणारा 720 बघून "माझा तर चांगला आहे" म्हणत एजंटशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तो आकडा आमच्याकडे येतच नाही. बऱ्याचदा आम्हाला कुठलाच आकडा दिसत नाही, फक्त कंपनीने तुम्हाला कुठल्या टिअरमध्ये, म्हणजे दराच्या कुठल्या पायरीवर, टाकलं ते दिसतं.

तुमचा पगार किती हे या स्कोअरमध्ये नसतं. हे मुद्दाम सांगतेय कारण भरपूर लोक म्हणतात की माझं पॅकेज एवढं आणि मला गरीब समजतात का. पगार ब्युरोच्या स्कोअरमध्ये जातच नाही, दीड लाख डॉलर कमावणारा नवा माणूस आणि वीस वर्षं एका दुकानात काम करून प्रत्येक बिल वेळेवर भरणारी बाई, यात स्कोअर तिचाच वर असणार, आणि तो तसाच असायला हवा.

भारतातून आलेल्या माणसाला हे सगळं विचित्र वाटतं याचं कारण तिकडे मोटर इन्शुरन्सची रचनाच वेगळी. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, कारला इंजिनच्या सीसीप्रमाणे, आणि ओन डॅमेजमध्ये आयडीव्ही (गाडीची धरलेली किंमत), गाडीचं वय, शहराचा झोन आणि नो क्लेम बोनस, जो 20 पासून चढत 50 टक्क्यांपर्यंत जातो. सिबिलचा कुठेच प्रश्न येत नाही. आणि तो तुमचा बारा वर्षांत कमावलेला बोनस इथल्या बहुतेक कंपन्यांच्या सिस्टिममध्ये भरायला रकानाच नाही. तुमचा सिबिलही इथल्या इन्शुरन्स कंपनीला दिसत नाही. काही कार्ड कंपन्या भारतातली हिस्टरी बघून कार्ड देतात, त्याचा फायदा घ्या, पण तो कार्ड मिळण्यापुरता, प्रीमियमला थेट उपयोग नाही.

मग कार्डाचा आणि ड्रायव्हिंगचा संबंध काय, हा तुमचा मूळ प्रश्न. आकड्यांत संबंध आहे, हे मान्य करायला लागतं. टेक्सासच्या इन्शुरन्स खात्याने 2004-05 मध्ये स्वतः अभ्यास केला, 20 लाखांच्या आसपास पॉलिसींचा डेटा कंपन्यांकडून मागवून, आणि त्यात कमी स्कोअरवाल्यांचे क्लेम जास्त येतात असं निघालं. 2007 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने कारच्या पॉलिसींवर रिपोर्ट काढला, त्यातही तेच. पण असं का होतं याचा पक्का पुरावा कोणालाच देता आला नाही. कोणी म्हणतं पैशात काळजी घेणारा गाडीतही घेतो, कोणी म्हणतं ज्याच्याकडे शिल्लक असते तो छोटा डेंट स्वतःच्या खिशातून दुरुस्त करतो आणि ज्याच्याकडे नसते त्याला क्लेम करावाच लागतो. मला रोजच्या अनुभवातून दुसरं कारण जास्त पटतं. आणि त्याच दोन्ही अभ्यासांत हेही निघालं की कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोक कमी स्कोअरच्या बाजूला जास्त प्रमाणात सापडतात, म्हणजे समाजातली जुनी विषमता प्रीमियमच्या बिलात उतरते. माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे, गाडी चालवायला कायद्याने इन्शुरन्स सक्तीचा केला असेल तर त्याचा दर मुख्यतः गाडी कशी चालवता यावर असावा. कन्झ्युमर रिपोर्ट्सने 2015 मध्ये देशभरातले दर तपासले तेव्हा फ्लोरिडात असं दिसलं की स्वच्छ रेकॉर्ड पण खराब क्रेडिट असलेला ड्रायव्हर, दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झालेल्या पण उत्तम क्रेडिटवाल्या ड्रायव्हरपेक्षा वर्षाला सरासरी दीड हजार डॉलर जास्त भरत होता. हे वाचून ज्याला राग येत नाही त्याला मी काय समजावणार.

सगळ्या राज्यांत मात्र हे चालत नाही. इन्शुरन्सचे नियम इथे राज्य करतं, 1945 च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यापासून तसंच आहे. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाईमध्ये कारच्या दरासाठी क्रेडिट वापरता येत नाही. कॅलिफोर्नियात तर 1988 ला लोकांनी मतदान करून प्रपोझिशन 103 आणलं, त्यात पहिलं वजन ड्रायव्हिंग रेकॉर्डला, मग वर्षाला किती मैल, मग अनुभव किती वर्षांचा. म्हणून सनीव्हेल-फ्रीमाँटहून कोणी मित्र "मला तर असलं काही विचारलंच नाही" म्हणत असेल तर तो खरं बोलतोय, आणि तोच मित्र उद्या इथे टेक्सासमधल्या फ्रिस्कोला शिफ्ट झाला की त्याला पहिल्यांदा हा फटका बसेल, त्याने निघायच्या आधीच आपली फाईल बघून घ्यावी. मेरीलँड, ओरेगन, युटा अशा राज्यांत वापरावर मर्यादा आहेत, म्हणजे ढोबळमानाने सुरुवातीला बघा पण जुन्या गिऱ्हाइकाचा दर त्यावरून वाढवू नका. टेक्सासमध्ये वापर कायदेशीर आहे, काही अटींवर, आणि त्या अटी तुमच्या कामाच्या आहेत.

पण त्याआधी तुमच्या 690 डॉलरच्या फरकाबद्दल. तो सगळा क्रेडिटचा नाही, हे मी न बघताच सांगू शकते. नव्या माणसाला तीन गोष्टी एकदम लागतात. एक, क्रेडिटची फाईल रिकामी. दोन, इथला आधीचा इन्शुरन्स नाही, म्हणजे मागचे सहा महिने किंवा त्याहून जास्त सलग पॉलिसी असलेल्याला जी सूट मिळते ती नाही, आणि काही कंपन्यांत ही सूट क्रेडिटच्या खालोखाल मोठी असते. तीन, अमेरिकेतलं लायसन्स नवीन, तेव्हा बऱ्याच कंपन्या तुम्हाला वय पस्तीस असलं तरी अनुभव शून्य धरतात, काही कंपन्या परदेशी लायसन्सची वर्षं मोजतात, पण ती मोजणारी कंपनी शोधावी लागते आणि भारतातल्या लायसन्सची तारीख एजंटला आपणहून सांगावी लागते. शिवाय कलीगची लिमिट्स (कंपनी जास्तीत जास्त किती देणार) काय, डिडक्टिबल (क्लेममध्ये आधी स्वतः भरायची रक्कम) किती, त्याचा झिप कोड कुठला, रेंटर्स पॉलिसी (भाड्याच्या घरातल्या सामानाची) त्याच कंपनीत जोडली आहे का, हे बघितल्याशिवाय 1,480 आणि 790 ची तुलना होतच नाही. लोनवर गाडी असेल तर कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचं धडकेतलं आणि चोरी-गारपिटीसारखं नुकसान भरून देणारं कव्हर, घ्यावंच लागतं, त्याची गाडी कॅशने घेतलेली असेल आणि त्याने फक्त लायबिलिटी, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरून देणारा भाग, ठेवली असेल तर झालंच.

आता मुद्द्याची गोष्ट. तुम्ही पॉलिसी घेतली आल्या आल्या, तेव्हा फाईल रिकामी होती. फायकोचा नेहमीचा स्कोअर तयार व्हायलाच निदान एक खातं सहा महिने जुनं असावं लागतं. तुम्हाला आता आठ महिने झाले, कार्ड पहिल्या महिन्यात घेतलं असेल आणि कारचं लोन पण वेळेवर जात असेल तर तुमची फाईल आत्ता आत्ता वाचण्यासारखी झालीये. पण तुमची कंपनी अजून त्या पहिल्या दिवशीच्या रिकाम्या उत्तरावरच तुमचा दर लावतेय. रिन्युअल आलं की ती आपोआप परत बघेल असं लोक धरून चालतात, तसं नसतं. ज्या नमुना कायद्यावर बऱ्याच राज्यांनी आपापले कायदे बेतले, म्हणजे इन्शुरन्सचं काम बघणाऱ्या आमदारांच्या राष्ट्रीय संघटनेने 2002 मध्ये केलेला, त्यात कंपनीने निदान 36 महिन्यांतून एकदा नवीन क्रेडिट बघावं आणि गिऱ्हाइकाने वार्षिक रिन्युअलला मागितलं तर तेव्हा बघावं अशी रचना आहे. काही कंपन्या स्वतःहून लवकर बघतात, काही नाही. म्हणजे तुम्ही गप्प बसलात तर तीन वर्षंसुद्धा त्याच टिअरमध्ये राहू शकता, आणि मी अशी माणसं बघितलीयेत, सगळी कार्डं वेळेवर, घर घेतलं, मॉर्गेज मिळालं, आणि कारची पॉलिसी अजून आल्या दिवशीच्या दराने चालू, फक्त कोणी विचारलं नाही म्हणून.

तेव्हा रिन्युअलच्या महिना-दीड महिना आधी कंपनीला लेखी, ईमेल चालेल, विचारा की माझा इन्शुरन्स स्कोअर नव्याने काढून रेट परत लावा. आणि त्याच आठवड्यात बाहेरचे चार-पाच कोट घ्या, कारण नवीन कंपनीला तर ताजीच फाईल बघावी लागते. कोट घेतल्याने स्कोअर पडतो ही भीती सोडा, इन्शुरन्ससाठीची चौकशी सॉफ्ट असते, ती तुमच्या रिपोर्टमध्ये तुम्हाला दिसेल पण स्कोअरमध्ये मोजली जात नाही. दहा कोट घेतले तरी काही होत नाही. कार लोनची चौकशी हार्ड असते, ते वेगळं.

कोट घेताना एक प्रश्न नक्की विचारा, "नो हिट किंवा थिन फाईलला तुमची कंपनी कशी वागवते?" टेक्सासच्या कायद्यात क्रेडिटची माहितीच नसलेल्या माणसाला कंपनीने न्यूट्रल, म्हणजे ना चांगला ना खराब, धरायचं असतं, किंवा मग राज्याच्या खात्याकडे वेगळी पद्धत आकडेवारीसकट दाखल करायची असते. हा "किंवा" फार महत्त्वाचा आहे. काही कंपन्या खरंच मधल्या टिअरमध्ये टाकतात, आणि काहींची दाखल केलेली पद्धत अशी की रिकामी फाईल खराबच्या जवळपास जाते. म्हणून एकाच माणसाला एकाच दिवशी दोन कंपन्यांत एवढा फरक येतो. नव्या माणसासाठी "सगळ्यात स्वस्त कंपनी" असं काही नसतं, रिकाम्या फाईलला नीट वागवणारी कंपनी असते, आणि दोन वर्षांनी फाईल भरली की तीच कंपनी महागसुद्धा पडू शकते, तेव्हा परत बदला. निष्ठा वगैरे ठेवू नका.

आता ते फोनवरचं "इन्शुरन्स स्कोअरमुळे" हे अर्धवट उत्तर. तुम्हाला पूर्ण उत्तर मिळायचा हक्क आहे. 1970 चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट सांगतो की क्रेडिट रिपोर्टमुळे तुमच्यावर प्रतिकूल निर्णय घेतला तर कंपनीने तुम्हाला कळवायचं, कुठल्या ब्युरोची माहिती वापरली ते सांगायचं, आणि त्या नोटीसपासून 60 दिवसांत तुम्ही त्या ब्युरोकडून फुकट रिपोर्ट मागू शकता. याला ॲडव्हर्स ॲक्शन नोटीस म्हणतात. पहिल्यांदाच पॉलिसी घेताना जास्त दर लागला तरी हे लागू होतं का यावर वाद होता, तो 2007 मध्ये सुप्रीम कोर्टाने सेफको विरुद्ध बर या केसमध्ये सोडवला, की हो, पहिल्या दरालाही लागू होतं, पण तुलना कशाशी करायची तर क्रेडिट बघितलंच नसतं तर जो दर लागला असता त्याच्याशी. याचा तुमच्यासाठी व्यवहारातला अर्थ असा. पॉलिसीच्या कागदांत किंवा कंपनीच्या पोर्टलवरच्या डॉक्युमेंट्समध्ये अशी नोटीस सापडली, तर तुम्हाला बहुधा क्रेडिटमुळे जास्त लावलंय. नोटीस नसेल तर बहुधा न्यूट्रल धरलंय आणि तुमचा जास्तीचा पैसा लायसन्स आणि आधीचा इन्शुरन्स नसण्यात जातोय. लोक हा कागद न वाचता टाकून देतात कारण तो जाहिरातीसारखा दिसतो. शोधा तो. त्यात जास्तीत जास्त चार कारणं लिहिलेली असतात, "पुरेशी जुनी खाती नाहीत", "रिव्हॉल्व्हिंग खात्यांवर (म्हणजे क्रेडिट कार्डांसारख्या खात्यांवर) लिमिटच्या मानाने बॅलन्स जास्त" अशी.

हे दुसरं कारण दिसलं तर दचकू नका, नव्या माणसांत ते फार दिसतं आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. नव्याने मिळालेल्या कार्डाचं लिमिट असतं 500 किंवा 1,000 डॉलर. तुम्ही किराणा, पेट्रोल, फोन सगळं त्याच्यावर करता, 850 होतात, ड्यू डेटला पूर्ण भरता, एक पैसा व्याज नाही. पण कार्ड कंपनी ब्युरोला साधारण स्टेटमेंट बनतं त्या दिवशीचा बॅलन्स कळवते, म्हणजे ब्युरोला दिसतं की हा माणूस लिमिटच्या 85 टक्के वापरतो. स्टेटमेंटच्या दोन-तीन दिवस आधीच बरेचसे पैसे भरून टाका, म्हणजे 50-100 डॉलर दिसतील. याला एक महिना पुरतो, पुढच्या स्टेटमेंटला फरक पडतो. कोट घ्यायच्या आधीच्या महिन्यात एवढं तरी कराच.

मराठी माणसांच्या बाबतीत आणखी एक भानगड मी वारंवार बघते, ती म्हणजे नाव. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. बँकेत ते दोन्ही शब्द फर्स्ट नेममध्ये गेले, लायसन्स काढताना वडिलांचं नाव मिडलमध्ये गेलं, कार्ड कंपनीच्या ऑनलाइन फॉर्मवर ते लिहिलंच नाही, आणि इन्शुरन्सच्या कोटमध्ये अजून चौथ्या पद्धतीने. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, कोट घेताना बऱ्याच कंपन्या मागत नाहीत, त्या नाव, जन्मतारीख आणि पत्त्यावरून फाईल जुळवतात. नाव चार प्रकारचं आणि सहा महिन्यांत पत्ता बदललेला, मग जुळणार कशी? दोन वर्षांची छान फाईल असून नो हिट आलेला आहे. बायकांचं तर लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, एक फाईल माहेरच्या नावाने आणि एक सासरच्या. यावर उपाय म्हणजे लायसन्सवर जसं नाव आहे, अक्षरन् अक्षर तसंच बँक, कार्ड, लोन, इन्शुरन्स सगळीकडे करून घ्यायचं, आणि कोटमध्ये मागचा पत्ता विचारला तर नीट भरायचा. आणि नो हिट येतंय अशी शंका असेल तर एजंटला सोशल नंबर टाकून परत रन करायला सांगा.

तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट फुकट मिळतात, ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट नावाची अधिकृत साइट आहे, आता दर आठवड्याला काढता येतात. पैसे मागणाऱ्या साइट्सवर जाऊ नका. रिपोर्टमध्ये तुमचं नसलेलं खातं, चुकीचा पत्ता, उशिरा भरल्याची चुकीची नोंद दिसली तर ब्युरोकडे डिस्प्यूट टाका, त्यांना साधारण 30 दिवसांत तपासावं लागतं. आणि दुरुस्ती झाली की तिथेच थांबू नका, इन्शुरन्स कंपनीला ती दुरुस्ती कळवा. नमुना कायद्यात, आणि टेक्सासचा कायदा त्याच वळणाचा आहे, कळवल्यापासून 30 दिवसांत कंपनीने दर परत लावायचा आणि चुकीमुळे जास्त घेतलेले पैसे परत करायचे, जास्तीत जास्त मागच्या 12 महिन्यांचे किंवा पॉलिसी जेवढी चालली तेवढ्याचे. मागितल्याशिवाय येत नाहीत.

फाईल नवीन असताना एक छोटी नोंदसुद्धा जड जाते, आणि ती बहुतेक वेळा कार्डाची नसतेच. इथे डॅलसमध्ये टोल. एनटीटीए या इथल्या टोल रस्त्यांच्या संस्थेचा टोलटॅग घेतला नाही, गाडीच्या नंबरवर बिल आलं ते जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर, आणि न भरलेलं बिल शेवटी वसुलीवाल्यांकडे जाऊ शकतं. तसंच अपार्टमेंट सोडताना राहिलेलं विजेचं शेवटचं बिल, जिमची मेंबरशिप, इंटरनेटचा न परत केलेला राउटर. घर बदललं की त्या आठवड्यात पोस्टात पत्ता फॉरवर्ड करा आणि टोलटॅगवर पत्ता बदला. हॉस्पिटलच्या बिलाची भीती थोडी कमी ठेवा, 2023 पासून 500 डॉलरच्या खालची मेडिकल वसुली तिन्ही ब्युरोंच्या रिपोर्टमध्ये येत नाही, आणि नमुना कायद्यात इन्शुरन्स स्कोअरसाठी मेडिकल वसुली विरुद्ध धरायचीच नाही असं आहे.

नोकरी गेली तर? एच-वन-बीवाल्यांना हा प्रश्न खूप सतावतो. टेक्सासच्या कायद्यात गंभीर आजार किंवा दुखापत, जोडीदाराचा, मुलाचा किंवा आई-वडिलांचा मृत्यू, काही काळ नोकरी जाणं, घटस्फोट आणि आयडेंटिटी थेफ्ट यामुळे क्रेडिटवर परिणाम झाला असेल तर तुम्ही लेखी मागितल्यावर कंपनीने वाजवी सवलत द्यायची आहे. लेऑफचं पत्र जोडून अर्ज करा. असा नियम आहे हेच लोकांना माहीत नसतं, आणि दुःखात किंवा धावपळीत कोण शोधणार, म्हणून इथे लिहून ठेवतेय. आणि फक्त क्रेडिटमुळे, दुसरं काहीही कारण नसताना, कंपनी तुम्हाला पॉलिसी नाकारू किंवा रद्द करू शकत नाही, हेही याच कायद्यात.

काही गोष्टी करू नका. प्रीमियम कमी करायला लायबिलिटी राज्याच्या किमान 30/60/25 वर आणू नका. 30 म्हणजे एका जखमी माणसामागे 30 हजार डॉलर, इथल्या आयसीयूचं बिल आठवडाभरात त्याच्या पुढे जातं आणि उरलेलं तुमच्याकडून मागतात. पैसे वाचवायचेच तर डिडक्टिबल 500 वरून 1,000 करा, तेवढे बाजूला ठेवलेले असतील तरच. क्रेडिट बनवायच्या घाईत एका महिन्यात चार कार्डांचे अर्ज करू नका. पत्ता स्वस्त झिप कोडमधल्या मित्राचा देऊ नका आणि घरातला दुसरा ड्रायव्हर लपवू नका, क्लेमच्या वेळी सगळं बाहेर येतं. आणि कंपनी बदलताना मध्ये एक दिवससुद्धा खंड पडू देऊ नका, नवीन पॉलिसी सुरू झाल्याचा कागद हातात आल्यावरच जुनी बंद करा. सलग इन्शुरन्स हा तुमचा दुसरा इतिहास आहे आणि तो आत्ता कुठे तयार होतोय.

ॲप किंवा डिव्हाइस लावून ड्रायव्हिंग मोजणारे प्रोग्रॅम आहेत, प्रोग्रेसिव्हचा स्नॅपशॉट, स्टेट फार्मचा ड्राइव्ह सेफ अँड सेव्ह वगैरे. तुमच्यासारख्या शांत चालवणाऱ्याला, ज्याची बाकी काही हिस्टरीच नाही, त्याला मी हे सुचवते, पण दोन अटींवर. रात्री उशिरा शिफ्ट असेल तर नको, कारण रात्रीचं ड्रायव्हिंग विरुद्ध जातं. आणि हा प्रोग्रॅम फक्त सूट देतो की दर वाढवूही शकतो, हे आधी लेखी विचारून घ्या, कंपनी आणि राज्याप्रमाणे ते बदलतं.

मिसेस एच-फोरवर आहेत आणि पुढच्या महिन्यात लायसन्स काढणार असं तुम्ही लिहिलंय, त्यांचं आत्ताच सुरू करा. पॉलिसीवर दोघांची नावं असली तरी बऱ्याच कंपन्या पहिल्या नावाच्या माणसाचं क्रेडिट धरतात, काही दोघांतलं चांगलं धरतात, तेव्हा कोट घेताना नावांचा क्रम उलटापालटा करून दोन्ही दर काढायला सांगा, मी प्रत्येक जोडप्याचे काढतेच. एच-फोरवर कामाची परवानगी नसेल तर सोशल नंबर बहुधा नसतो, पण तुमच्या कार्डावर ऑथराइज्ड युजर म्हणून त्यांचं नाव घालता येतं, कार्ड कंपनी नंबर नसताना ते ब्युरोला कळवते का एवढं आधी विचारा. आणि तो फॉर्म भरताना त्यांचं नाव लायसन्सवर जसं येणार आहे तसंच लिहा, पासपोर्टवरून उतरवू नका.